ओडवाट : एक वेळा

चौऱ्याहत्तरचा मे. बाहेर सेहेचाळीस.
सदरच्या रस्त्यावर डांबर चपलेला सोडत नसे,
आणि मी पिशवीत स्वेटर घालून रात्रपाळीला निघायची.
आई म्हणायची, काहून वो, येडी झाली काय?
तिला कसं सांगू, कोळसा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर
एक यंत्र आहे, त्याला उकडतं,
म्हणून आम्ही कुडकुडतो.

दिवसा ते खाणमजुरांचे पगार काढी.
नऊ ते बारा मोहरील सरांचं.
सर सायकलवर यायचे, कॅरियरला पोथीची नक्कल,
काळ्या वस्त्रातल्या बाबांनी मठात बसवून उतरवू दिलेली.
मूळ लिपी सांकेतिक, परक्याला वाचता येऊ नये अशी.
अकरा वर्षं घालून सरांनी ती उकलली
आणि आता पुन्हा संकेतात घालत होते:
अ शून्य शून्य, आ शून्य एक,
ओ शून्य नऊ, क एकवीस.
"लपवायला नव्हे, निनावेबाई. मोजायला."

मी शेवंता निनावे, पंच ऑपरेटर, तात्पुरती.
एका कार्डावर ऐंशी रकाने, म्हणजे चाळीस अक्षरं,
म्हणजे एक ओळ, कधी अर्धीच.
भोकांचे बारीक चौकोन वेणीत अडकून घरी यायचे.
बाबा मागावरून उठून ते वेचत:
"एवढी भोकं पाडून कापड कोणतं निघते, पोरी?"

बिस्वासबाबू गठ्ठा भरवताना
बंगाली जिभेने मारबतीची आरोळी देत:
"चुका-बिका घेऊन जा गे मारबत!"
मग घरघर. मग हिरव्या पट्ट्यांचा कागद
आपली आपण घडी घालत जमिनीवर.
'आणि' दोन हजार एकशे चार.
'भिक्षा' एकोणनव्वद.
'रडे' सात.
सर त्या सातांपाशी थांबले.
"सातच? मला तर पानोपानी ऐकू येत होतं."

आणि 'ओडवाट'. एक वेळा.
कुठल्याच कोशात नाही.
सरांचा चहा साय धरून गेला.
ओढीने धरलेली वाट, म्हणाले,
जिथं जायचं ते ठाऊक नसताना धरलेली.
बारा पानांचा लेख झाला. बर्डीवरच्या सभागृहात वाचला.
मी मागच्या रांगेत. टाळ्या मीही वाजवल्या.

जुलैत गठ्ठे लावताना ते कार्ड हाती आलं.
दिव्यासमोर धरलं. शून्य, नऊ.
सरांचा कागद काढला. शून्य, आणि पुढे
एक? नऊ?
घाईत त्यांच्या एकाला आकडा फुटायचा.
ओ नसेल तर आ.
आडवाट. साधी. बैलांनाही ठाऊक.

धंतोलीला गेले. छत्री दारात गळत होती.
त्यांनी कार्ड खिडकीशी धरलं,
एकेका भोकातून समोरचा कडुनिंब पाहत राहिले.
"चूक तुमची की माझी?"
"माहीत नाही, सर."
"की त्याची, नक्कल करणाऱ्याची? तीनशे वर्षांपूर्वी
त्यालाही झोप आली असेल."
बराच वेळ काही नाही.
"दुरुस्त करा. पण हे फाडू नका."

केलं. आडवाट पाचची सहा झाली.
पुढच्या वर्षी अनुदान संपलं, सूची छापलीच नाही.
कागदाच्या कोऱ्या बाजूवर माझ्या पोरांनी भागाकार केले,
उरलेला रद्दीवाल्याने वजनावर नेला.
सर गेले. कार्ड माझ्या रेशनच्या वहीत आहे.

परवा बाजारातून परतताना म्हटलं,
कोळसा कंपनीवरून घे.
काम काहीच नव्हतं. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे.
रिक्षावाला म्हणाला, "बाई, हे तं आडवाट पडते."
आडवाट नाही रे, म्हटलं.
दुसरा शब्द येतो मला.
यादीतून मीच काढलेला.